मुंगळा नव्हे, मुंगळी!

मृगाची पहिली दणकट सर कोसळून जाते, गेलेली वीज परत येते आणि पाच मिनिटांत ओटीवरच्या ट्यूबभोवती पाखरांची झुंबड उडते. आतून कुणीतरी ओरडतं, ‘‘दिवे घालवा आधी!’’ कुणी दिव्याखाली पाण्याची परात आणून ठेवतं. सकाळी केर काढताना सुपलीभर नुसते पंखच निघतात. हा सोहळा आपल्या दारात दरवर्षी होतो आणि दरवर्षी आपण तो झाडून टाकतो.

यंदा केरसुणी उचलण्याआधी दोन मिनिटं उकिडवे बसा. त्या गर्दीत एखादी अशी असेल, जिला अलगद उचलून काचेच्या नळीत ठेवलं तर दिवाळीपर्यंत तुमच्या टेबलावर एक छोटी वस्ती उभी राहील. मुंग्या पाळण्याचा छंद असाच सुरू होतो. त्यासाठी पैसे फारसे लागत नाहीत, लागते ती ओळख. अंगणात उतरलेली पंखवाली नक्की कोण, हे कळलं की निम्मं काम झालं.

‘मुंगीला पंख फुटले’ असं आपण एखाद्याचे दिवस भरत आले की म्हणतो. ही म्हण अर्धीच खरी आहे. नरांच्या बाबतीत ती तंतोतंत लागू पडते. राणीचं खरं आयुष्य मात्र पंख गळल्यावर सुरू होतं, आणि ते पंख ती स्वतःच तोडून टाकते.

आधी वाळवी बाजूला काढा

परातीत तरंगणाऱ्यांपैकी पुष्कळशा मुंग्या नसतातच; ती असते पंखवाली वाळवी. वाळवी झुरळांच्या घराण्यातली, तर मुंगी गांधीलमाशी आणि मधमाशीच्या घराण्यातली. त्यामुळे दिसायला सारख्या असल्या तरी दोघी एकमेकींच्या कुणीच लागत नाहीत.

कंबर बघा. मुंगीची कंबर दोरीने आवळल्यासारखी बारीक असते. वाळवी वरपासून खालपर्यंत एकसारखी, कंबर नसलेली. मिशा बघा. मुंगीची मिशी कोपरात वाकवलेल्या हातासारखी दिसते, तर वाळवीची बारीक मणी ओवलेल्या सरळ माळेसारखी. मग पंख. वाळवीचे चारही पंख एकाच मापाचे आणि अंगापेक्षा कितीतरी लांब असतात. मुंगीची पुढची जोडी मोठी, मागची लहान, आणि मागच्या पंखाला सूक्ष्म आकड्या असतात. त्या पुढच्या पंखात अडकवून दोन्ही पंख एकदम हलवता येतात.

केरात निघतात ते पंख बहुतेक वाळवीचे. ते टेकताक्षणी गळतात. त्यानंतर वाळवीची जोडी पुढे-मागे अशी झुक झुक गाडीसारखी जमिनीवर चालताना दिसते: मादी पुढे, नर तिच्या मागे. वाळवीचा राजा राणीबरोबर आयुष्यभर संसार करतो. मुंग्यांमध्ये असा राजा नसतो.

व्याकरणाची गंमत

आपण काळ्या मोठ्या मुंगीला ‘मुंगळा’ किंवा ‘डोंगळा’ म्हणतो. तो चावला, तो चढला, गुळाच्या ढेपेला लागला. शब्द पुल्लिंगी आणि रुबाबही तसाच. पण ओट्यावरून चालणारा, गुळाला लागलेला, तुमच्या अंगठ्याला डसलेला प्रत्येक मुंगळा ही मादी असते. कामकरी मुंग्या सगळ्याच्या सगळ्या माद्या. मोठ्या डोक्याच्या, जबड्याने कडकडून चावणाऱ्या त्या ‘शिपाई’सुद्धा बायकाच.

खरा मुंगळा, म्हणजे नर, तुम्ही फक्त पंखांसह पाहिलेला असतो आणि त्याला पाहून तुम्हाला मुंगी आठवलेलीही नसते. तो एखाद्या किरकोळ गांधीलमाशीसारखा दिसतो. डोकं इवलंसं, डोळे त्या मानाने मोठे, अंग सडपातळ, मिशा लांब. तो अन्न आणत नाही, पिल्लं सांभाळत नाही, भांडत नाही. उडायचं आणि एकदा राणीला गाठायचं, एवढ्याचसाठी तो जन्मतो. एक-दोन दिवसांत तो संपतो.

याहून नवल त्याच्या जन्माचं. राणी जे अंडं फलित न करता घालते, त्यातून नर होतो. फलित अंड्यातून मादी होते, मग ती कामकरी होवो की राणी. म्हणजे नर मुंगीला बाप नसतो. पण त्याच्या आईला बाप असतो, म्हणून आजोबा असतो! आणि नराला मुली होतात, मुलगा कधीच होत नाही. ही वंशावळ कागदावर मांडून बघा. पोरांना सुट्टीत द्यायला याहून चांगलं कोडं नाही.

राणी कशी ओळखायची

राणीची खूण तिच्या पाठीत आहे. डोक्यामागचा, पाय फुटलेला भाग छातीचा. कामकरीणीत तो अरुंद असतो. राणीत तो फुगीर, जड आणि तुकडे जोडल्यासारखा दिसतो, कारण उडण्याचे स्नायू तिथे ठासून भरलेले असतात. पोट मोठं, डोकं अंगाला शोभेल एवढं. पंख गळलेले असले तर छातीच्या दोन्ही बाजूंना त्यांचे बारीक वण भिंगातून स्पष्ट दिसतात. मोठ्या डोक्याच्या शिपाई मुंगीला राणी समजून घरी आणण्याची चूक अनेकांची होते. वण आणि फुगीर छाती पाहिली की ती टळते.

पंख गेले म्हणजे लग्न झालं, असं मात्र धरून चालू नका. काही राण्या नर न भेटताच पंख टाकतात. काही लग्न होऊनही चार दिवस पंख मिरवतात. तिचं वागणं पाहा. घाईघाईने फटीतून, कुंडीखालून, भिंतीच्या कडेने जागा शोधत फिरणारी राणी बहुधा संसाराला लागलेली असते. न फळलेली राणीही अंडी घालते, पण त्यातून फक्त नर निघतात. महिनाभर वाट पाहून नळीत पंखवाली पोरं निघाली की कळायचं ते कळतं.

एकदा नर भेटला की तेवढ्या साठ्यावर राणी आयुष्यभर अंडी घालते. शुक्राणू साठवायला तिच्या पोटात वेगळी पिशवी असते आणि तिथे ते वर्षानुवर्षं जिवंत राहतात. अंडं बाहेर पडताना पिशवीचं तोंड उघडायचं की नाही, यावर मुलगी की मुलगा हे ठरतं.

वरात एकाच दिवशी का निघते?

एका वारुळातली भावंडं एकमेकांत लग्न लावत बसली तर वंश दुबळा होईल. म्हणून सगळ्या वारुळांनी एकाच वेळी बाहेर पडायचं, हा शहाणपणा. पण मुहूर्त काढतं कोण? पाऊस. सर पडून गेली, हवा दमट आहे, वारा पडलाय, माती मऊ झालीये, एवढं जुळलं की दारं उघडतात. जमीन मऊ असेल तरच एकट्या राणीला ती उकरता येते.

बाकीचे पाहुणेही याच मुहूर्ताला टपलेले असतात. कोतवाल तारेवरून झेपा घेतात, साळुंक्या आणि सातभाई अंगणात उतरतात, पाली दिव्याशी, बेडूक पायरीशी. उडालेल्या शेकडो राण्यांपैकी घर वसवेपर्यंत पोचणाऱ्या अगदी थोड्या. तुमच्या ओटीवर चालणारी राणी हे सगळं चुकवून आलेली असते, आणि म्हणून मला तिच्यावर केरसुणी चालवणं जमत नाही.

इंग्लंडात हेच उन्हाळ्यात घडतं. तिथे असलेल्या आपल्या लोकांनी जुलैतल्या ‘फ्लाइंग अँट डे’ बद्दल ऐकलं असेलच. खरं तर तो एकच दिवस नसतो. कोरड्या, उबदार, वारा नसलेल्या अनेक दिवसांवर तो पसरलेला असतो. २०१८ साली विम्बल्डनच्या हिरवळीवर खेळाडूंना पंखवाल्या मुंग्या झटकाव्या लागल्या होत्या. जुलै २०२० मध्ये तर दक्षिण इंग्लंडवरच्या मुंग्यांच्या थव्याला हवामान खात्याच्या रडारने चक्क पाऊस समजून टिपलं.

दिव्याखालचे पाहुणे

भारतात मुंग्यांच्या आठशेहून अधिक प्रजाती नोंदलेल्या आहेत. सगळ्या ओळखण्याच्या भानगडीत पडू नका. आधी भिंगातून कंबरेवरच्या गाठी मोजा. एक गाठ असेल तर बऱ्याचदा ती डोंगळ्याच्या घराण्यातली. या घराण्याला नांगी नसते, ते पोटाच्या टोकाकडून फॉर्मिक आम्ल उडवतात. दोन गाठी असतील तर पाळी साखरेच्या डब्यातल्या लाल मुंगीच्या घराण्याची, आणि या घराण्यात नांगी असू शकते. फॉर्मिक आम्लाचं नावच मुळी मुंगीच्या लॅटिन नावावरून आलंय. सतराव्या शतकात इंग्रज निसर्गतज्ज्ञ जॉन रे यांनी त्याची नोंद केली, आणि ते मिळवण्याची रीत होती मुंग्या भट्टीत घालून अर्क काढण्याची.

*काळी, दीड सेंटिमीटरच्या वरची, एका गाठीची.* हीच ती डोंगळ्याची राणी, कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस. नवशिक्यासाठी हिच्याइतकी चांगली सोबत दुसरी नाही. अंगाने मोठी, त्यामुळे भिंगाविना सगळं दिसतं. स्वभावाने सोशीक. आणि पहिली पिल्लं मोठी होईपर्यंत तिला काही खायला लागत नाही. त्याचं कारण पुढे येतं.

*हिरवट राणी.* भिंगातून पाहिलेल्या मुंगीवर हिरवी झाक दिसली तर डोळ्यांना दोष देऊ नका. कोकणात जिला ओंबील किंवा हुमले म्हणतात, आंब्या-काजूची पानं शिवून चेंडूसारखी घरटी बांधणारी ती तांबडी मुंगी, तिची राणी हिरवट असते. ओइकोफिला स्मॅरॅग्डिना हे तिचं शास्त्रीय नाव. त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थच ‘पाचूची’. पानं शिवायला धागा लागतो, तो मुंग्या आपल्या अळ्यांकडून काढतात. अळीला जबड्यात धरून शिलाईच्या धोट्यासारखी इकडून तिकडे फिरवायची आणि तिच्या तोंडातून रेशीम निघत राहतं. चीनमध्ये लिंबूवर्गीय बागांत किडींवर उतारा म्हणून याच मुंग्यांची घरटी विकत मिळत, असा उल्लेख इ. स. ३०४ च्या मानल्या जाणाऱ्या ग्रंथात आहे. पाळायला मात्र ही नळीतली मुंगी नव्हे. तिला झाड लागतं, एकेका वस्तीला अनेक झाडं. तिला आमराईतच राहू द्या.

*तांबडी, दोन गाठींची, डसली तर आग आग.* सोलेनॉप्सिस जेमिनाटा. आपल्या अंगणात ती इतकी रुळलीये की परकी वाटत नाही, पण ती मूळची अमेरिकेतली. जनुकांच्या अभ्यासावरून तिचा माग मेक्सिकोतल्या अकापुल्कोपर्यंत पोचतो. सोळाव्या शतकात स्पॅनिश गलबतं तिथून फिलिपिन्समधल्या मनिलाला चांदी नेत, त्यांच्याबरोबर ती पॅसिफिक ओलांडून आली. मिरचीप्रमाणे हीसुद्धा अमेरिकेची भेट, आणि झोंबतेही तशीच! घरात पाळायला हिला निवडू नका.

*काळं डोकं, तांबडी छाती, काळं पोट.* झाडाच्या बुंध्यावर एकेकटी फिरणारी, सडपातळ. टेट्रापोनेरा रुफोनायग्रा. राणीला पंख असताना ती हुबेहूब गांधीलमाशी वाटते. हात लावू नका, नांगी जबर असते.

*दिव्यावर आपटणारा, तपकिरी, पोट सॉसेजसारखं.* हा पाहुणा पाहून लोक घाबरतात. मुंगी कसली, भुंगा वाटतो. हा डोरायलस या जमिनीखाली राहणाऱ्या, आंधळ्या लष्करी मुंग्यांचा नर. आफ्रिकेतल्या याच कुळातल्या नराला लिनियसने अठराव्या शतकात गांधीलमाशी समजून नाव दिलं होतं! या नराला नळीत ठेवून काहीच होणार नाही. आणि त्याची राणी तुम्हाला दिव्याखाली कधीच सापडणार नाही, कारण तिला पंखच फुटत नाहीत. ती आयुष्यभर जमिनीखाली.

*घरभर सैरावैरा धावणारी, बारीक, लांब पायांची काळी मुंगी.* पॅराट्रेकिना लॉंगिकॉर्निस. हिच्या राण्या लग्नासाठी उडत नाहीत. घरातल्या घरातच, भावंडांतच जुळतं. तरी वंश दुबळा होत नाही. कारण २०११ साली संशोधकांना दिसलं, की ‘नराला बाप नसतो’ हा नियम इथे मोडतो: नवी राणी ही आईची हुबेहूब नक्कल असते आणि नर बापाची हुबेहूब नक्कल. मुलगे बापाचे, मुली आईच्या, आणि दोघांचा अंश असतो तो फक्त कामकरी मुंग्यांत. भावा-बहिणीत रक्ताचं नातंच उरत नाही.

जिला राणीच नाही

अंगणातल्या भेगेच्या तोंडाशी पिसं, सुकी पानं, मेलेले किडे रचून ठेवलेले दिसले तर ते घर डायाकामाचं. काळी, सेंटिमीटरभर, अंगावर कोरल्यासारख्या रेघा. ती सजावट शोभेची नाही. पहाटे त्या पिसांवर दव साठतं आणि मुंग्या ते पितात.

डायाकामामध्ये पंखवाली राणी हा प्रकारच नाही. जन्मताना प्रत्येक मादीच्या छातीवर पंखांच्या जागी दोन इवले कोंब असतात. ते शाबूत असलेली मादी नर भेटून अंडी घालू शकते. वस्तीतली वरचढ मादी नव्याने जन्मलेल्या प्रत्येकीचे कोंब कुरतडून टाकते. ज्यांचे कोंब गेले त्या पुढे आयुष्यभर कामकरी. कोंब तोडले की राज्याचा हक्क गेला. म्हणून डायाकामाच्या वस्तीतून पंख लावून उडणारा जो कोणी सापडेल तो नर, हे पक्कं.

पश्चिम घाटातली हार्पेग्नॅथोस सॉल्टॅटर तर याच्याही पुढची. मोठे टपोरे डोळे, चिमट्यासारखे लांब जबडे आणि भक्ष्यावर चक्क उडी मारून झेप. तिचं वर्णन १८५१ साली ईस्ट इंडिया कंपनीतले सर्जन थॉमस जर्डन यांनी केलं. या मुंगीची राणी मेली, की कामकरी मुंग्या मिशांनी एकमेकींना टपल्या मारत स्पर्धा मांडतात. ती अनेक दिवस चालते. जिंकणारीचा अंडाशय वाढतो आणि मेंदू सुमारे एक पंचमांशाने आक्रसतो, कारण आता तिला शिकारीला जायचं नाही. २०२१ साली संशोधकांनी अशा विजेतीला पुन्हा कामकरी व्हायला भाग पाडलं, तेव्हा तिचा मेंदू परत वाढला! कीटकांमध्ये मेंदू असा आक्रसून पुन्हा पूर्ववत झाल्याचं तोवर कुणी पाहिलं नव्हतं.

पुण्याच्या मुंग्या, जगाच्या पुस्तकात

मुंग्यांच्या शास्त्रात पुण्याचं नाव जुनं आहे, आणि पुणेकरांना ते माहीत असायला हवं. मुंबई इलाख्यात नेमणुकीवर असलेले कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी इथल्या मुंग्यांवर निबंध लिहिला, तो लंडनमध्ये १८३५ साली छापला गेला. पावसाने ओलं झालेलं गवताचं बी वारुळातून बाहेर काढून उन्हात वाळत घालणाऱ्या मुंग्या त्यांनी पुण्यात पाहिल्या. आपण पावसाळ्यानंतर धान्याला ऊन दाखवतो, अगदी तसंच. साइक्सनी त्या मुंगीला नाव दिलं ‘प्रोव्हिडेन्स’, म्हणजे पुढचा विचार करणारी. फायडोले प्रोव्हिडेन्स या नावाने ती आजही ओळखली जाते.

दुसऱ्या एका मुंगीचा त्यांचा किस्सा आपल्या घराघरातला आहे. मेजावर गोडधोड मांडलेलं, मेजाचे पाय पाण्याच्या भांड्यांत. आपल्या आज्या फडताळाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवत, तोच उपाय. तरीही मुंग्या मिठाईपर्यंत पोचायच्या. साइक्सनी पाळत ठेवली तेव्हा एक मुंगी भिंतीवर चढली, मेजाच्या पातळीच्या वर गेली आणि तिथून तिने खाली उडी टाकली. तिचं नाव त्यांनी ठेवलं ‘इन्डिफेसा’, न थकणारी.

पुढे वनखात्यातले रॉबर्ट चार्ल्स रॉटन इथल्या मुंग्या गोळा करून स्वित्झर्लंडला ऑग्युस्त फोरेल यांच्याकडे पाठवू लागले. फोरेल मानसोपचारतज्ज्ञ, पण जीव मुंग्यांत. त्यांचा चेहरा पुढे स्वित्झर्लंडच्या हजार फ्रँकच्या नोटेवर छापला गेला, आणि मागच्या बाजूला मुंग्या! १८९० साली फोरेलनी रॉटन यांनी पाठवलेल्या पुण्याच्या एका बारीक मुंगीला नाव दिलं. तिला आज कार्डिओकॉन्डायला रॉटनी म्हणतात. हिच्या प्रजातीगटात नर दोन तऱ्हेचे: काही पंखवाले आणि गरीब, काही बिनपंखी आणि भांडखोर. बिनपंखी घरातच राहून इतर बिनपंखी नरांचा जीव घेतात. ‘नर म्हणजे पंखवाला’ हा आपला साधा नियम पुण्याच्याच मुंगीने मोडलेला आहे.

१८९२ साली रॉटन यांनी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात ‘अवर अँट्स’ नावाने इथल्या मुंग्यांची ओळख करून दिली. आज सुरुवात करणाऱ्याने अजय नरेंद्र आणि सुनील कुमार यांचं ‘ऑन अ ट्रेल विथ अँट्स’ शोधावं. इंग्रजीत आहे, पण भारतीय मुंग्यांसाठी लिहिलेलं, चित्रांसकट.

दाढीवाले लबक आणि त्यांची राणी

काचेतून मुंग्या पाहण्याची युक्ती रुजवली ती इंग्लंडच्या सर जॉन लबक यांनी. दोन काचांमध्ये मातीचा पातळ थर, वरून झाकण. झाकण उचललं की वारूळ पुस्तकासारखं उघडं. मुंग्यांवर रंगाचे ठिपके देऊन ते एकेकीचा दिनक्रम टिपत. हेच लबक खासदार होते आणि इंग्लंडमधल्या नोकरदारांना १८७१ साली बँक हॉलिडेची सुट्टी मिळाली ती त्यांच्याच कायद्यामुळे. त्यांची एक राणी चौदा वर्षांहून जास्त जगली.

त्याच्याही पुढचा विक्रम आहे. युरोपातल्या बागेतल्या साध्या काळ्या मुंगीची एक राणी पाळलेल्या वस्तीत जवळपास २९ वर्षं जगली. घरातला कुत्रा-मांजर सोडा, पोरगी शाळेत जाऊन, शिकून, नोकरीला लागेपर्यंत एकच मुंगी!

पाच हजार मुंग्यांची गोष्ट

छंद वाढला की बाजार येतो. २०२५ साली केनियात दोन बेल्जियन तरुण सुमारे पाच हजार मुंग्यांसह पकडले गेले. कापूस घातलेल्या नळ्यांमध्ये भरलेल्या, बहुतेक मेसोर सेफॅलोटिस या मोठ्या तांबड्या मुंगीच्या राण्या. न्यायालयाने दोघांना प्रत्येकी दहा लाख केनियन शिलिंगांचा दंड केला. एक राणी उचलणं म्हणजे एक होऊ घातलेलं वारूळ उचलणं. ही गंभीर चोरी आहे, असं केनियाच्या यंत्रणेने धरलं आणि मला ते पटलं.

आपण काय करावं हे साधं आहे. जंगलातून, अभयारण्यातून काही उचलायचं नाही. स्वतःच्या अंगणातली, आपल्याच भागातली राणी घ्यायची, एक किंवा दोन. दुसऱ्या मुलखातली मुंगी आणायची नाही, आपली तिकडे पाठवायची नाही, आणि कंटाळा आला तर जिथून उचलली तिथेच सोडायची. जेमिनाटाने गलबतातून येऊन काय केलं ते आपण पायावरच्या फोडांनी जाणतो.

नळीतला संसार

परीक्षानळीत तळाला एक तृतीयांश पाणी, त्यावर घट्ट कापसाचा बोळा, मग मोकळी जागा, तिथे राणी, आणि तोंडाला दुसरा बोळा. बस, घर झालं. ओलावा कापसातून मिळत राहतो. नळी कपाटात अंधारात ठेवायची. उदबत्ती, डासांची कॉइल, नॅप्थॅलिनच्या गोळ्या आणि मुंग्यांचा खडू त्या कपाटाच्या आसपाससुद्धा नको.

राणीला खायला द्यायचं नाही. इथेच तिच्या पंखांची खरी गोष्ट आहे. पंख तोडले, आता उडायचं नाही, मग छातीतले ते दणकट स्नायू कशाला? ते हळूहळू विरघळतात आणि त्यातूनच राणी पहिल्या पिल्लांना भरवते. ज्या ताकदीने ती आभाळात गेली, तीच ताकद चमचा-चमचा करून मुलींच्या तोंडात जाते. डोंगळ्याची राणी असंच करते. टेट्रापोनेरासारख्या काही राण्यांना मात्र या काळातही बाहेर पडून अन्न आणावं लागतं.

पहिल्या आठवड्यात अंडी दिसतील, साखरेच्या दाण्याहून बारीक, एकमेकांना चिकटलेला पुंजका. मग अळ्या. मग तपकिरी-पिवळसर तांदळासारखे कोष. पावसाआधी मुंग्या तोंडात धरून नेतात आणि आपण ज्यांना ‘मुंगीची अंडी’ म्हणतो, ते खरं तर बहुतेकदा अळ्या आणि कोषच असतात. खरं अंडं इतकं लहान असतं की उभ्याने दिसणारही नाही.

महिना-दीड महिन्याने पहिली कामकरीण बाहेर येते. राणी स्वतः कोष फाडून तिला बाहेर काढते. ही पहिली फळी नेहमीच खुरटी असते, कारण आईने उपाशी राहून वाढवलेली. पण त्याच दिवसापासून तिचं काम सुरू होतं. आता कापसाच्या कडेला मधाचा टाचणीच्या टोकाएवढा थेंब आणि मेलेल्या डासाचा एक तुकडा ठेवायचा. ती थेंबापाशी जाते, पोट भरते, परत येते आणि सगळ्यात आधी आईच्या तोंडाला तोंड लावते. महिन्याभराच्या उपासानंतरचा राणीचा तो पहिला घास.

या सगळ्यात कठीण काम पाहणाऱ्याचं. रोज नळी काढून बघायची नाही. उजेड पडला, धक्का बसला की घाबरलेली राणी आपलीच अंडी खाते. आठवड्यातून एकदा, तेही तांबडा कागद लावलेल्या बॅटरीने, कारण लाल उजेड मुंग्यांना फारसा जाणवत नाही. माझ्या कपाटात यंदा एक नळी आहे. रविवारी पाहिलं तेव्हा सात अंडी होती. आज बुधवार. कपाटाचं दार मी उघडलेलं नाही.